पाऊण

सकाळी सव्वासहाला मी किटली लावतो,
तेव्हा स्टॉकपोर्टच्या त्या विटांच्या पुलावरून
लंडनची गाडी दिवे लावून जात असते.
शाल्मली टेबलाशी. पायांत माझे लोकरीचे मोजे,
समोर सराव-पत्रिका क्रमांक एकोणतीस.

पाच आकृत्या. वेगळी कोणती?
मी म्हणतो, सी.
उत्तरांच्या पुस्तकातही सी आहे, आधीच पाहून ठेवलंय.
ती म्हणते, बी.
बाकीच्या सगळ्या कुणीतरी ढकलल्यासारख्या उभ्या आहेत,
बी एकटीच आपली आपण उभी आहे.
मी खोडरबर पुढे सरकवतो.
त्या खोडरबराची मला पुढे बरेच दिवस लाज वाटली.

फ्रिजवर शब्दांची यादी, आठवड्याला वीस.
मिसेस हॉलरॉइड तासाचे पंचेचाळीस पौंड घेतात
आणि दारात कोट चढवताना बजावतात:
शब्द, मिस्टर मगदूम, शब्द.
त्यातले निम्मे मलाच ठाऊक नाहीत.
रात्रपाळीला, एक्स-रेचं मशीन वॉर्डावॉर्डातून ढकलताना
मी ते कानात लावून ऐकतो, ओठ हलवत.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, प्रार्थना म्हणतोस का रे?
म्हटलं, हो. तसंच काहीतरी.

वृंदा म्हणते, कोपऱ्यावरची शाळा काय वाईट आहे?
चालत जाईल, चालत येईल.
वर्षाची फी ती भाजीच्या पावतीमागे मांडते,
सातानं गुणते,
आणि पावती उलटी करून ठेवते.
मी त्यावर बोलत नाही.
मुलाखतीचा सराव कोण घेणार, ते विचारतो.

तुला ह्याच शाळेत का यायचंय?
'बाबांना हवंय' असं म्हणायचं नाही,
एवढं आता तिला शिकवून झालंय.

अपूर्णांकांशी मात्र गाडी अडली.
तीन छेद चार, अधिक एक पूर्णांक एक छेद दोन.
ती रडली. पेन्सिल फेकली. पेन्सिल फ्रिजखाली गेली.
मी म्हटलं, थांब. पाऊण आणि दीड.
काय?
पाऊण. दीड. सव्वा, अडीच, पावणेदोन.
आपल्याकडे ह्यांना आपापली नावं आहेत,
ही कुठल्या रेघेखाली राहत नाहीत.
इचलकरंजीत बिरंजे गुरुजी पावकी म्हणून घ्यायचे,
शेजारच्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून;
कुणी चुकलं की गप्प व्हायचे,
आणि मग नुसते माग ऐकू यायचे.
एक पाव पाव, दोन पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
सहाच्या पुढे मी विसरलो होतो.
तिनं बाहीनं नाक पुसलं, म्हणाली,
सव्वादोन.
आणि मग: पाऊण म्हणजे एकाला कमी,
की अर्ध्याहून जास्त?

हा प्रश्न कुठल्याच पत्रिकेत नाही.

जानेवारीतला शनिवार. काचेवरचं हिम
मी लायब्ररीच्या कार्डानं खरवडलं.
फाटकाशी शेकडो मुलं,
प्रत्येकाच्या हातात आरपार दिसणारं पाऊच,
आत पेन्सिली, पट्टी, कुणाचा तरी ताईत.
ती मागे न बघता गेली.
बघायचं नाही, हे मी शिकवलं नव्हतं.

गाडीत बसून मी तिसावी पत्रिका काढली.
मांडीवर धरून, घड्याळ लावून.
सातव्या प्रश्नाशी अडकलो.
पाच आकृत्या, आणि सगळ्याच
ढकलल्यासारख्या उभ्या.
शेजारच्या गाडीत एक बाप स्टिअरिंगवर डोकं टेकून
झोपला होता, किंवा झोपला नव्हता.

पावणेबाराला ती आली, कोटाची बटणं चुकीची लावून.
मधल्या सुट्टीत एका मुलीनं मला अर्धं केळं दिलं, बाबा.
तिला दोन भाऊ आहेत आणि एक कासव.
नाव विचारायचं राहिलं.
आणि पेपर?
एक सोडला. वेगळी कोणती, तो. त्यात दोन होत्या.
पण गेला कसा?

सीटबेल्ट लावून होईतो ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, पाऊण.

कमी की जास्त, हे मी विचारलं नाही.
पुलाखालून गाडी घेतली.
केळ्याची साल तिच्या खिशात होती,
सोमवारपर्यंत कुणाच्याच लक्षात आली नाही.